आईला मानवेल अशी हवा

कुरुळीची हवा कशी आहे, असं तुम्ही आजवर कुणाला विचारलं आहे का?

रत्नागिरीहून कुणी आलं की आपण विचारतो, उकाडा काय म्हणतोय. महाबळेश्वरहून आलं तर हमखास विचारतो, थंडी आहे का, धुकं पडतंय का. कुरुळीत राहणाऱ्याला विचारतात ते वेगळंच. शिफ्ट कुठली, कंपनीची गाडी न्यायला येते का, खोलीत किती जण. जणू हवामान हे समुद्राकाठच्या आणि डोंगरावरच्या गावांना मिळालेलं वतन आहे आणि मधल्या पट्ट्यातले आम्ही नुसतेच राहतो. मी इथे, चाकणजवळच्या या कारखान्यांच्या गावात, काही वर्षं राहते आहे. इथे हवा आहे, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. पण त्याआधी दुसऱ्या दोन गावांबद्दल सांगायला हवं, कारण माझी आई श्वास घ्यायला त्या दोन गावांना गेली.

आम्ही पुण्याच्या दापोडीत वाढलो, रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत, मी आणि माझा मोठा भाऊ. पप्पा ओतकामाच्या कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं काढण्यात पुढे असायचे. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची, आणि गणित सुटेना की कागद उलटून मजकूर वाचत बसायची. ‘कमळ’ आणि ‘गवत’ मला शाळेने शिकवलं. ‘एकजूट’ आणि ‘पिळवणूक’ त्याआधीच वाचता येत होतं. पत्रकाची एक रीत असते. आधी काय बिघडलंय ते, मग मागणी, मग जमायचं कुठे ते. मी अजून त्याच रीतीने विचार करते. मैत्रिणी म्हणतात, तुझ्याशी बोलून झालं की वर्गणीची पावती हातात पडेल असं वाटतं.

शिफ्ट सुटली की पप्पा अंगावर हवा मारून घ्यायचे. कारखाना न पाहिलेल्यांसाठी सांगते. मशिनं साफ करायला दाबाच्या हवेची नळी असते. तीच नळी कामगार घरी निघताना कपड्यांवर फिरवतात, स्वतःच्या आणि एकमेकांच्या पाठीवर. वाळूची, धातूची भुकटी उडते, निळा शर्ट पुन्हा निळा दिसतो, माणूस घरी जातो. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं आणि आजही अनेकांना वाटत नाही. उडालेली भुकटी थोडी नाकात जाते, थोडी कापडाच्या विणीत बसते. पप्पांना वाटायचं, आपण स्वच्छ होऊन आलो. आई तो शर्ट दारात उभी राहून झटकायची, जोरात, तोंडासमोर, आणि मगच भिजवायची. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने तो शर्ट झटकला.

पप्पा गेले. त्यानंतर काही काळाने आईला दम लागायला लागला. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून विचारलं, कुठे काम करत होता? आई म्हणाली, कुठंच नाही, घरीच असते. मिस्टर? तिने सांगितलं. कशामुळे ते खात्रीने सांगता येणार नाही म्हणाले. औषधं दिली, दम्याचा पंप कसा ओढायचा ते दोनदा दाखवलं, आणि आम्ही उठताना म्हणाले, जमलं तर हवा बदलून बघा.

मला राग आला. हवा म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, बदलायला? पण राग आला म्हणून आईला दम लागायचा थांबत नव्हता.

तोवर दापोडीची भाड्याची खोली सुटली होती. दादा महाबळेश्वरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी झाला होता. मी चाकणच्या कारखान्यात लागले होते आणि कुरुळीत खोली घेऊन राहत होते. आई आधी माझ्याकडेच आली. आमच्या इथे खोल्यांच्या ओळी आहेत. एका ओळीच्या पाठीला दुसऱ्या ओळीची पाठ चिकटलेली, वर पत्रा, पुढच्या भिंतीत एक दार आणि दाराला लागून एक खिडकी. मागे आणि बाजूला नुसत्या भिंती. आई दिवसभर उंबऱ्यावर बसायची. समोरच्या खोलीतली शिफ्टवाली पोरं येता-जाता म्हणायची, काकू, राखण करताय का आमची? ती म्हणायची, तुमच्याकडं चोरीला जाण्यासारखं आहे तरी काय, तेच बघतेय. पोरं हसायची. संध्याकाळ झाली, दार लावलं, पोळीचा धूर खोलीत फिरायला लागला की तिचं हसणं संपायचं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती पुढे वाकून बसायची आणि मी काही विचारलं तर बोटानेच थांब म्हणायची.

दिवाळीनंतर दादा तिला घेऊन गेला.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो. पसरणीचा घाट चढला की बसच्या खिडकीतून येणारा वाराच पालटतो, तसं काहीतरी आईचं झालं होतं. बाजारामागच्या उतारावर ती उन्हात बसली होती आणि माझ्याशी पूर्ण वाक्य एका दमात बोलली. कोरडी थंडी, चाळून काढल्यासारखं ऊन. घाम नावाची गोष्टच नाही. वाळत घातलेला टॉवेल थोड्या वेळात पापडासारखा कडक. सावलीत पाऊल टाकलं की गारवा, उन्हात आलं की ऊब, मधे काही नाही. बाजारातल्या एका बाईने आईला विचारलं होतं, हवा खायला आलात वाटतं? आईने सांगितलं, खायला नाही हो, घ्यायला आले. ही गोष्ट तिने मला दोनदा सांगितली. आपल्या उत्तरावर ती खूश होती.

पण दादाची खोली त्या हवेत नव्हती. हॉटेलची गॅलरी दरीवर होती. दादाची खोली रस्त्याच्या पातळीखाली, भिंतीला भिंत लावून. एक खिडकी होती, तीही थंडीसाठी कापड कोंबून बंद केलेली. सूर्य डोंगराआड गेला की वहिनी कोळशाची शेगडी आत आणायची. तिचं चुकत नव्हतं, बोटं वाकत नाहीत अशी थंडी असते. आई दिवसभर जेवढी हवा कमवायची तेवढी त्या खोलीत घालवायची. तरी मार्च-एप्रिल बरे गेले. मग मे आला, गाड्यांची रांग लागली, दादा घरी येईनासा झाला. आणि त्यानंतर धुकं आलं. ते लांबून बघायला छान असतं. जवळून ते ओलं फडकं असतं. पावसाआधी तिथे लोक भिंतींना गवत बांधतात, पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून. त्या गवताच्या आत आई, वहिनी, शेगडी आणि न वाळणारे कपडे. उशीला बुरशी आली. हॉटेलही पावसाळ्यात अर्धं बंद होतं, दादाला अर्धंच काम उरलं.

मी फोनवर त्याच्याशी भांडले. एवढी नावाजलेली हवा आणि तुला आईला एक उघडी खिडकी देता येत नाही? दादा चिडला नाही. तो म्हणाला, “इथली हवा गिऱ्हाइकाची आहे. आपल्याला मिळते ती उरलेली.”

तो कधी पत्रकं वाचायचा नाही. हे वाक्य मात्र कुठल्याही पत्रकात छापावं असं होतं.

मग आई रत्नागिरीला गेली, तिच्या बहिणीकडे. माझा जीव टांगणीला लागला. डोंगरावर दमटपणाने तिचं हे केलं, तर समुद्राकाठी काय होईल? मी पाऊस संपल्यावर गेले. एसटीतून उतरले आणि स्टँडवरच घामाने भिजले. रत्नागिरीचा ऑक्टोबर म्हणजे पावसाने सोडलं आणि उन्हाने धरलं असा. आंघोळ करून बाहेर यावं तर अंग पुसायच्या आधी पुन्हा ओलं. मिठाला पाणी सुटलेलं. दाराची कडी गंजून जड झालेली. पेपर सकाळी कडक, दुपारी लुळा. दुपारी समुद्राकडून खारा वारा यायचा तेव्हा जरा माणसात आल्यासारखं वाटायचं, संध्याकाळी तो पडायचा आणि झाडाचं पानही हलायचं नाही.

माझ्या हिशेबाने महाबळेश्वर जिंकायला हवं होतं. कोरडं, उंच, थंड, निर्मळ. रत्नागिरी चिकट, खारट, उकाड्याची. आणि आई? आई नारळ किसत होती, किसता किसता मावशीशी भांडत होती, आणि मधे थांबत नव्हती. पंप कपाटात होता. मी विचारलं तेव्हा तो शोधावा लागला.

मी तिला समजावत बसले की खाऱ्या हवेचा छातीला उपयोग होत असेल, समुद्रसपाटीला हवा दाट असते, असं काय काय. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. दुपारी ती पुढच्या दाराकडे डोकं आणि मागीलदाराकडे पाय करून बरोबर मधे जमिनीवर आडवी झाली. मावशी भांडी घेऊन आली आणि थबकली.

“वाटंतच काय पडतंस गो रोज? माणसांनी काय उड्या मारायच्या?”

आई डोळे न उघडता म्हणाली, “मार. तेवढाच तुला व्यायाम.”

मावशीने तोंड वेंगाडलं आणि तिला ओलांडून गेली. मी तिथेच खाली बसले आणि मला कळलं. जमिनीलगत वारा वाहत होता. फार नाही, पायाची बोटं थंड होतील इतका. पुढच्या दारातून येत होता आणि मागच्या दारातून निघून जात होता. वास, धूर, माणसांचे उसासे, सगळं सोबत नेत होता. आई रोज त्याच्या वाटेवर झोपत होती. समुद्र तिथून बराच लांब होता.

म्हणजे मी दोन गावांचं हवामान तोलत बसले होते आणि फरक घरांचा होता. डोंगरावरची उत्तम हवा दादाच्या खोलीत शिरून अडकून पडत होती. किनाऱ्यावरची घामट हवा मावशीच्या घरातून चालत जात होती. आईच्या छातीला दोन दारं पुरली.

हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा ते सोपं नव्हतं, कारण मावशीच्या मुलाचं लग्न ठरत होतं. पुढच्या उन्हाळ्यात नवी सून येणार आणि घर तेवढंच. मावशी काही बोलली नव्हती, बोलली नसतीही. पण आईला कळत होतं. मी निघाले तेव्हा ती स्टँडवर सोडायला आली, पायी, आणि वाटेत फक्त एकदा थांबली. बस लागल्यावर म्हणाली,

“मला तुझ्याकडं यायचंय. तुझ्या मागच्या भिंतीला एक खिडकी पाडून घे, मी येते.”

येताना कोथिंबीर घेऊन ये म्हणून सांगावं, तसं ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही रोज फोनवर हवेबद्दल बोलतो. दुसरं काही बोलायला गेलं की दोघींचाही आवाज बदलतो, म्हणून हवा. ती सांगते, आज मळभ आहे, आज वारा पडलाय, आज काजूला मोहोर दिसला. मग विचारते, तुझ्याकडं कसं आहे? मला काय सांगावं कळत नाही. माझा दिवस कारखान्यात तयार भागांची मापं तपासण्यात जातो आणि ज्या खोलीत मी तपासते तिथलं तापमान बारा महिने एकच असतं. धातू उष्णतेने फुगतो, थंडीने आकसतो, माप चुकतं, म्हणून. मे महिन्यात मी तिथे स्वेटर घालते. दार जरा उघडं राहिलं तर बाहेरून कुणीतरी ओरडतं. दिवसभर आम्ही दोघंच असतो, मी आणि ते मोजणारं मशिन, आणि गारवा त्याच्यासाठी आहे. सुटल्यावर मी पत्र्याखाली येते. पत्रा दिवसभर तापलेला असतो आणि त्याचं ऊन रात्रीच्या जेवणापर्यंत खोलीत उतरत राहतं. शेजारच्या खोलीत कुणी बटाटा तळला की माझ्या घशात येतो. डंपर गेला की ताटात बारीक धूळ बसते. माझं हवामान हे आहे. आईला मी सांगते, बरं आहे.

खोलीमालकांकडे मी जानेवारीत गेले. ते इथल्या जुन्या शेतकरी घरातले. ज्या रानात पूर्वी बाजरी व्हायची तिथे आता खोल्या होतात. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काका म्हणतो. मागच्या तुकड्यात ते नवी ओळ बांधायला काढत होते, पाया खणून झाला होता, आणि ते कडेला खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, माझ्या मागच्या भिंतीला खिडकी पाडून हवी आहे, खर्च मी करते.

“मागं दुसऱ्याचं बिऱ्हाड हाय, ताई. तुज्या हवंसाठी मी त्यांच्या उशाला भोक पाडू व्हय?”

हे खरं होतं. मी म्हटलं, मग मला बाजूची, टोकाची खोली द्या. टोकाच्या खोलीत पाण्याची मोटर होती. मग या नव्या ओळीत ठेवा, समोरासमोर दोन खिडक्या. त्यांनी सांगितलं की त्यासाठी दोन ओळींच्या मधे बोळ सोडावा लागतो, बोळात एक खोली जाते. आणि इथे राहतंय कोण? शिफ्टवाली पोरं. झोपायला येतात आणि उठून जातात. आज खिडकी मागतेस, उद्या गॅलरी मागशील, असंही म्हणाले, हसत.

खुर्चीच्या मागेच त्यांचा गोठा होता. दोन म्हशी आहेत, घरच्या दुधापुरत्या. गोठ्याच्या भिंती छातीइतक्या उंच, त्यावर दोन्ही अंगांना विटांची जाळी, आणि वारा एका जाळीतून दुसरीत जात होता. कडबा हलत होता. मी विचारलं, याला का जाळी ठेवलीत?

“म्हशीला कोंडून चालत न्हाई. दूध आटतं.”

“मग आमचं काय आटतं, काका?”

ते हसले, म्हणाले, लई बोलती तू. मग हसू ओसरलं. काठीने पायातली माती उकरत राहिले. पुढे ते जे बोलले ते मी इथे जसंच्या तसं देते.

“ताई, तू एकटी मागतीस. आजवर खोली बघाया आलेल्या एकानं खिडकी इचारली न्हाई. भाडं इचारत्यात, पाणी इचारत्यात, गाडी लावाया जागा हाय का इचारत्यात. धा जणांनी खिडकी इचारली आसती तर बोळ सोडला आसता की. मला काय म्हशीचीच माया हाय का?”

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. तयारी करूनच गेले होते. पण भाड्याने राहणाऱ्याला मागायची सवय नसते, मिळेल ते घ्यायची असते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिवस दिसत आलं आहे.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. छापलं नाही, हाताने लिहून झेरॉक्स काढली. दारोदार गेले. लोकांनी घेतलं, चहा दिला. समोरच्या पोरांपैकी एक, बीडकडचा, म्हणाला, “ताय, आपल्याला काय इथं जलम काढायचाय का? वर्षभरात आपण जातोय बघा.” तो गेलाही, महिनाभरातच. त्याच्या जागी दुसरा आला. शेजारची बाई म्हणाली, खिडकी केली तर चोराचं भ्या. कोपऱ्यातल्या जोडप्याला पटलं, पण त्यांची रावेतला नव्या इमारतीत खोलीची बोलणी चालू होती. तिथे खिडक्या आहेत. कुणी माझ्याशी भांडलंसुद्धा नाही. पत्रक वाटून कुणी भांडलं नाही की काय करायचं, हे मला माहीत नाही. प्रत्येक जण इथून जाणार आहे, आणि जाणारा माणूस भिंतीबद्दल बोलत नाही. इथे राहायचं असं म्हणणारी या ओळीत मी एकटीच आहे, आणि तेही अशासाठी की मला आणखी एक माणूस इथे आणायचं आहे.

पाया अजून उघडा आहे. काका विटांसाठी थांबलेत. आईच्या फोनवर मावशीच्या घरची लगबग मागून ऐकू येते; कुणी रंग कुठला लावायचा विचारतं, कुणी पलंगाचं माप सांगतं. आई मधेच आवाज चढवून मला विचारते, खिडकीचं काय झालं? मी म्हणते, बोलणं चालू आहे.

ते चालू राहावं म्हणून मी हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कुरुळीत, चाकणला, दापोडीत, कुठेही खोली बघायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी आत जा, दार उघडं ठेवा आणि मालकाला विचारा: वारा इथून आत आला तर बाहेर कुठून जातो? तो हसेल, हसू द्या. तुम्ही वर्षभरात जाणार असाल तरी विचारा. खोली घ्यायची नसेल तरी विचारा. तुमच्या ओळखीचं कुणी बांधकाम काढत असेल तर भिंत उठायच्या आधी, याच आठवड्यात, जाऊन विचारा. काकांना दहा माणसं हवी आहेत. माझ्याकडे एक आहे.